धनुष्य ठेवू की टाकू?

आज साताऱ्यात मित्राच्या घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे एकेक पात्र घेऊन खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळाचा डाव रंगला, पण निम्मा वेळ एका धनुष्यानेच खाल्ला.

एक फेरी म्हणजे सहा सेकंद. गॉब्लिन, म्हणजे खेळातला एक छोटा राक्षस, अंगावर आला. आमच्या तिरंदाजाला धनुष्य पाठीला लावायचं, तलवार उपसायची आणि वर वारही करायचा! आम्ही 2014च्या नियमांनी खेळतो. त्यात चालता-चालता किंवा हल्ला करताना एकाच वस्तूला फुकट हात लावता येतो. ठेवा, नाहीतर काढा. दुसऱ्या कामाला अख्खी अ‍ॅक्शन, म्हणजे त्या फेरीतली मुख्य कृतीच जाते.

"मग टाकतो की खाली!"

टाकायला आमच्याकडे काही मोजावं लागत नाही. टाकलं. पुढच्याच फेरीत दुसऱ्या गॉब्लिननं ते उचलून धूम ठोकली. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) लेकाचा वाटच बघत बसला होता.

2024च्या नियमांत प्रत्येक हल्ल्यागणिक एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं, त्यामुळे ही कटकट बरीच कमी होते. मला मात्र जुनंच बरं वाटतं. हातात काय धरलंय याला किंमत राहते. ढालीला तर अजूनही चढवताना-उतरवताना अ‍ॅक्शन द्यावीच लागते.

मग चहाबरोबर खरा वाद पेटला: दांडपट्टा असता तर? पट्ट्याच्या मुठीचं लोखंडी कवच मनगटावरून पार कोपराकडे जातं, हात आतल्या आडव्या दांडीवर. असलं हत्यार झटकन टाकणार कसं? माझं मत, ढालीचाच नियम लावा. तिरंदाजाला काही पटलं नाही. त्याला आता दोन्ही हातांत पट्टे हवेत.