सेफॅलोस्पोरिनच्या पिढ्या मला कशा समजल्या

डी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजीत मला सगळ्यात जड गेलं ते सेफॅलोस्पोरिनचं, म्हणजे बॅक्टेरियावर चालणाऱ्या अँटिबायोटिक्सच्या एका गटाचं, वर्गीकरण. पिढ्या पाच आणि सगळी नावं 'सेफ'चीच. रात्री तक्ता घोकायचा आणि सकाळी सेफाक्लोर दुसऱ्या पिढीतलं की तिसऱ्या, इथेच अडायचं.

कॉलेज सुटलं की मी अमळनेरला ओळखीच्या मेडिकलवर उभी राहायचे. तिथले भाऊ म्हणाले, "नावं राहू दे. कोणतं औषध कोणत्या जंतूवर चालतं, तेवढं धर." मग रॅकमधली एकेक स्ट्रिप हातात घेऊन वाचायला लागले.

पहिली पिढी म्हणजे सेफालेक्सिन, सेफाड्रॉक्सिल. गळू, चिघळलेली जखम, म्हणजे मुख्यतः ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळे दिसणारे) जंतू. ऑपरेशनआधी देतात ते सेफाझोलिनही इथलंच. दुसरीत सेफुरोक्झिम आणि ते छळणारं सेफाक्लोर. यांचा पल्ला हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या बॅक्टेरियापर्यंत जातो. तिसरीत सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन. इथे जोर ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे त्याच चाचणीत गुलाबी दिसणाऱ्या जंतूंवर. सेफ्ट्रायॅक्सोन मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतं, म्हणून मेनिंजायटिसमध्ये वापरतात.

खरी गाठ सुटली ती सेफ्टाझिडिमपाशी. तेही तिसऱ्या पिढीतलं. स्युडोमोनाससारख्या चिवट जंतूवर चालतं, पण गळू करणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर पहिल्या पिढीपेक्षा कमजोर! चौथीतलं सेफेपिम दोन्हीकडे चांगलं. पाचवीतलं सेफ्टारोलिन, ज्याला अमेरिकेत 2010 साली मंजुरी मिळाली, एमआरएसएवर (नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर) चालतं, पण स्युडोमोनासवर नाही. म्हणजे पिढीचा आकडा वाढला की ताकद वाढली, असं नाहीच, निशाणा बदलतो. रेणूतली मूळ रिंग सगळ्यांची तीच, तिच्या बाजूच्या साखळ्या बदलत गेल्या. 1945 मध्ये इटलीच्या जुझेप्पे ब्रोत्झू यांना सार्डिनियात सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे एक बुरशी सापडली, तिच्यापासून हे सगळं घराणं निघालं. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

परीक्षेत पिढ्यांचा प्रश्न आला तेव्हा प्रत्येक पिढीपुढे ती कुठे चालते आणि कुठे नाही, दोन्ही लिहिलं. तक्ता आठवावाच लागला नाही.

आता काउंटरवर कोणी म्हणतं, "मना पोऱ्याले ताप शे, भारी गोई दे." ताप व्हायरल असेल तर यातली एकही गोळी कामाची नाही, हे मी आधी सांगते. शिवाय सेफिक्झिम शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या सरकारी यादीत येतं: डॉक्टरांची चिठ्ठी हवी, रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव, औषध, किती दिलं ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठी नसेल तर मी स्ट्रिप काढत नाही, दवाखान्यात पाठवते.