तुम्ही विचारलंत म्हणून: मूड नसला तर काय करता?

कार्यक्रमानंतर कुणीतरी हे विचारतंच. "रोज लिहिता का हो? आणि मूड नसला तर?" तिथे घाईत मी काहीतरी दोन वाक्यं बोलून सुटते. इथे जरा ऐसपैस सांगते.

हो, कादंबरी सुरू असेल तेव्हा रोज लिहिते, मूड असो वा नसो. याला कुणी शिस्त म्हटलं की मला हसू येतं, कारण मी रोज बसते ती निव्वळ आळसापोटी. कादंबरी चार दिवस सोडली की परत आत शिरायला लागणारे कष्ट मला नको असतात. कोण कुणावर रुसलंय, कुठली गोष्ट कुणाला अजून कळलेली नाही, खोलीत त्या वेळी कोण कोण आहे, बाहेर ऊन आहे की पाऊस, हे सगळं डोक्यात असेल तरच पुढचं वाक्य लिहिता येतं. खंड पडला की ते विरून जातं आणि मागची पन्नास पानं पुन्हा वाचावी लागतात.

शिवाय कादंबरीला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. कविता एका बैठकीत होऊ शकते, कथाही क्वचित होते. दोन वर्षांत मात्र लिहिणारं माणूसच बदलतं. पहिल्या प्रकरणात जिचा मला संताप येत होता, त्या बाईची सातव्या प्रकरणात कणव यायला लागते. ती तशीच असते, माझं वय वाढलेलं असतं. रोज थोडं थोडं लिहीत गेलं की हा फरक पानांत हळूहळू मुरतो. मोठ्या खंडानंतर लिहिलं तर वाचकाला जोड लगेच दिसतो.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपालखात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्याने हे सगळं मोकळेपणी लिहून ठेवलं आहे. घड्याळाची गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच आत्मचरित्रात त्याने असंही लिहिलंय, की रोजच्या वेळातला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा. माझ्या मते खरी गोम त्या अर्ध्या तासात आहे. घड्याळ नसतं तरी त्याचं चाललं असतं.

मीही तेच करते. सकाळी फोन हातात घेण्याआधी कालची पानं मोठ्याने वाचते. डोळे खपवून घेतात ते जिभेला अडतं. शेजारी एक वही असते. तिच्यात प्रत्येक पात्राचं नाव, जन्मसाल आणि 'याला काय माहीत आहे' असा एक रकाना. वयाचे हिशेब चुकू नयेत म्हणून वही सुरू केली होती, पण जास्त कामी येतो तो हा रकाना. संवाद लुळा पडला की मी तिथे बघते. बहुतेक वेळा समोरासमोर बसलेल्या दोघांना सगळं सारखंच माहीत असतं, मग बोलतील कशाला? एकाकडून एखादी माहिती काढून घेतली की दोघं लगेच बोलायला लागतात.

आता मूडचं. मूड नसलेल्या दिवशी मी नवीन लिहीत नाही, जुनं दुरुस्त करते. एकदा कालच्या पानावर वाक्य होतं: 'तिला अतिशय राग आला, पण तिने तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही.' बरोबर आहे, आणि मेलेलं आहे. तासभर तिथेच अडकले. शेवटी झालं ते असं: 'तिने दोरीवरचे कपडे काढले, पुन्हा पिळले आणि पुन्हा वाळत घातले.' तेवढ्यावर ती सकाळ संपली, आणि मला ती फुकट गेलेली वाटत नाही.

काहीजण इथे रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीचा विषय काढतात. त्याने १८६६ मध्ये 'जुगारी' ही कादंबरी २६ दिवसांत सांगून लिहून घेतली, मग झपाटलेपणाचं काय? पण त्यामागे करार होता. मुदतीत कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं त्याचं लिखाण फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. आणि त्या दिवसांतही लघुलेखिका घरी येऊन सांगितलेलं उतरवून घेत होती, म्हणजे बैठक त्यालाही चुकली नाही. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात कादंबऱ्या क्रमशः दिल्या. छापखाना कुणाच्या मूडसाठी थांबत नाही.

सुचतं कुठून, हा याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. माझ्यापुरतं सांगायचं तर कानावर पडलेल्या वाक्यांतून. एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक बाई फोनवर दबक्या आवाजात सांगत होती, "घर विकलंय हे त्यांना सांगू नका." मी ते टिपून ठेवलं, आणि पुढे कितीतरी महिने ते नुसतं पडून होतं. सगळं घर एका माणसापुढे नाटक करतंय, इथवर कुणीही पोचेल. त्यात कथा होती, कादंबरी नव्हती. मग एकदा भांडी घासताना मनात आलं, त्यांना आधीच कळलेलं असेल तर? म्हणजे तेही नाटक करतायत, बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवशी वहीत पहिलं नाव लिहिलं. पहिल्या प्रश्नावर मी आता कधीच लिहायला घेत नाही. दुसरा प्रश्न येईपर्यंत थांबते, आणि तो टेबलाशी बसून येत नाही, हेही कबूल करायला हवं. रोजची बैठक त्यानंतरची.

दोन-तीन प्रकरणांवर बंद पडलेल्या कादंबऱ्यांबद्दलही बरेच जण विचारतात. त्यांना मी एवढंच सुचवते, की नवीन काही लिहू नका, आहे ते हाताने पुन्हा उतरवून काढा. उतरवताना हात जिथे कंटाळतो तिथे खुशाल काट मारा. शेवटच्या पानापर्यंत आल्यावर पुढे कोण दार उघडून आत येणार हे दिसलं, तर दुसऱ्या दिवशी बसा. नाहीच दिसलं, तर ती कदाचित एक लांब कथा आहे आणि केव्हाच लिहून झाली आहे. एखाद्या दिवाळी अंकाला पाठवून द्या.