मेलेल्या उंदराचा पत्ता

मुंबईच्या मांडवी-मशीद बंदर भागात मी अधूनमधून लोकांना घेऊन फिरते. धान्याच्या गोदामांपाशी आलो की प्लेगचा विषय निघतो आणि कुणीतरी विचारतंच, "ना टेस्ट, ना ॲप. मग साथ कुठे पोचलीय हे त्या काळी कळायचं कसं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माणसांकडून फारसं कळतच नव्हतं. १८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी याच मांडवीत प्लेग ओळखला. पुढल्या वर्षी साथरोग कायदा आला आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. गाठ दिसली की रोगी इस्पितळात, घरचे छावणीत. मग लोक आजारी माणूस माळ्यावर लपवायला लागले, मरणाचं कारण भलतंच सांगायला लागले. मी तरी दुसरं काय केलं असतं? १८९८च्या मार्चात झडतीवरूनच दंगल पेटली.

उंदराला कुणी लपवत नव्हतं. १९०५पासून प्लेगचा अभ्यास करायला नेमलेल्या प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, शहरभरातले उंदीर तपासायला घेतले. काही मेलेले, काही सापळ्यात धरलेले. प्रत्येकाबरोबर तो कुठे मिळाला त्याची चिठ्ठी. टेबलावर उताणा टाकायचा, कातडी सोलायची, आधी मान बघायची. माणसाला गाठ बहुतेक जांघेत येते, कारण पिसू पायाला चावते. उंदराच्या मात्र ती मानेवर जाऊन बसते, जिथे त्याचं तोंड पोचत नाही. (हे वाचताना माझा हात आपोआप मानेकडे गेला होता.) मग यकृतावरचे ठिपके, छातीत साठलेलं पाणी. नजर बसलेल्याला सूक्ष्मदर्शकाचीही फारशी गरज पडायची नाही. वर्षभरात असे लाखावर उंदीर फाडले गेले.

त्यातून क्रम हाती लागला. आधी गटारातले भुरे उंदीर मरायचे, दहाएक दिवसांनी घरातले काळे, आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांत माणसं. चिठ्ठीवर आज जी गल्ली, तिथे पंधरवड्याने ताप.

माझी घाटावरची आजी "उंदीर मेला" म्हणायची नाही, "उंदीर पडला" म्हणायची. आढ्यावरून उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि माळावर झोपडी घालायची. तिचा धाकटा भाऊ अशाच झोपडीत जन्मला. म्हातारा होईतो घरात त्याला "माळावरचा" म्हणत.