समुद्राकडे उतार, डोंगराकडे चढ

बार्सेलोनामधील सायकल-सहलीच्या आरंभी आमच्या गाइडने नकाशा दाखवलाच नाही. या शहरात उत्तर-दक्षिण विचारू नका, एवढेच तिने सांगितले. पत्ता सांगताना इथले लोक ‘मार’ म्हणजे समुद्राची बाजू आणि ‘मुंतान्या’ म्हणजे डोंगराची बाजू असे म्हणतात. त्या वेळी मला ती पर्यटकांसाठी जपून ठेवलेली एक गंमत वाटली होती.

पहिली फजिती ब्रेकची झाली. इथल्या सायकलींना पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आणि माझा हात तर डावा ब्रेक म्हणजे मागचा, या सवयीचा. पहिल्याच चौकात मी तो निर्धास्तपणे दाबला, तेव्हा मागचे चाक उचलले गेले आणि मी हँडलवर जवळजवळ आडवा झालो. त्यानंतरचा अर्धा तास मी दोन्ही ब्रेक एकदमच दाबत होतो.

जुन्या गॉथिक भागातील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तिथे आम्ही सायकली हातात धरूनच चाललो. सान्त फेलिप नेरी या लहानशा चौकातील चर्चच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीपर्यंत आणि त्याहूनही वर, दगडाचे टवके उडालेले दिसतात. 30 जानेवारी 1938 रोजी, स्पेनच्या यादवी युद्धात, इथे विमानांतून बाँब पडले आणि 42 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुतेक आसऱ्याला आलेली मुले होती. एका खड्ड्यात मी बोट घातले, तर ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेले. गाइड इथे फारसे बोलली नाही, हे मला आवडले.

तिथून सांता मारिया देल मार, म्हणजे ‘समुद्राची मेरी’ या चर्चपर्यंतचे अंतर थोडेच आहे. 1329 ते 1383 या काळात उभ्या राहिलेल्या या वास्तूचे दगड मोंजुइक टेकडीवरून हमालांनी वाहून आणले, आणि त्या हमालांच्या पाठीवर दगड घेतलेल्या छोट्या धातूच्या आकृती मुख्य दरवाजावर आजही आहेत. राजांचे पुतळे पुष्कळ पाहिले होते. हमालांना दरवाजावर असा मान दिलेला मी प्रथमच पाहिला.

पुढे एइशाम्पला, म्हणजे जुन्या तटबंदीबाहेर वाढवलेले शहर, लागले आणि सायकल एकदम मोकळी झाली. जुन्या शहराची तटबंदी 1854 पासून पाडली जाऊ लागली आणि इल्डेफॉन्स सर्दा या अभियंत्याचा विस्तार-आराखडा 1859 मध्ये मंजूर झाला. सुमारे 113 मीटर बाजूचे इमारतींचे चौरस, 20 मीटर रुंदीचे रस्ते आणि प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे तिरके कापलेले, अशी ती आखणी आहे. नकाशात हे कोपरे केवळ नक्षीसारखे दिसतात, परंतु सायकलवरून चौकात शिरताना आडव्या रस्त्याने येणारी मोटार बरीच आधी दिसू लागते, आणि सर्दाने वळणाऱ्या वाहनांचा इतका विचार का केला होता ते तिथल्या तिथे उमगते. चौरसांच्या पोटात त्याने बागा योजल्या होत्या. त्यांतील बहुतेक जागा पुढे बांधकामांनी गिळल्या. साग्रादा फामिलिया या चर्चसमोर नेहमीचीच गर्दी होती. 1882 मध्ये सुरू झालेल्या त्या वास्तूबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही.

मात्र तिथून मारिना रस्त्याला लागल्यावर जे घडले ते सांगायलाच हवे. त्या रस्त्याने समुद्राकडे तोंड केले आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले, की मी पेडल मारणे केव्हाच थांबवले आहे. डोळ्यांना जवळजवळ सपाट वाटणारा तो रस्ता खरे तर उतरता होता. सकाळपासून मांड्या का भरून येत होत्या त्याचा उलगडा झाला, आणि ‘मार’ व ‘मुंतान्या’ हे शब्द गंमत म्हणून नव्हे तर जमिनीच्या उतारावरून आले असणार, असे मला वाटू लागले.

रस्ता संपतो तिथे वास्तुविशारद फ्रँक गेरी यांचे सोनेरी माशाचे शिल्प उन्हात चमकत होते. आज जिथे वाळू आणि सायकलमार्ग आहे तिथे पूर्वी कारखाने आणि रेल्वेचे रूळ होते. शहर समुद्राकाठी असूनही या बाजूने समुद्राला पाठ करून बसले होते. 1992 च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने ते सारे हलवले गेले आणि किनारे नव्याने घडवले गेले. बार्सेलोनेता या समुद्राकाठच्या वस्तीच्या दिशेने जाताना समोरून वारा होता, आणि उताराने वाचवलेले सगळे श्रम त्याने वसूल केले.

संध्याकाळी हॉटेलकडे पायी परतताना मी नकाशा न उघडता चढाच्या दिशेने चालत राहिलो. दिशा अगदी बरोबर निघाली. रस्ता मात्र दोन चौक आधीचा.