जुन्या ट्रॅव्हलरमधले चोरकप्पे : टप्पा तिसरा

जुनी ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबससारखी व्हॅन, प्रवासात राहण्याजोगी करायचं काम चालू आहे. पहिल्या दोन टप्प्यांत आतलं जुनं पॅनेलिंग उतरवून गंज काढून झाला. या टप्प्यात नवीन कपाट एकही उभं केलेलं नाही, गाडीत मुळात असलेल्या पोकळ्याच वापरात आणल्या. कारण वजन. 18 मि.मी. प्लायची आठ बाय चारची शीट साधारण 37 किलो भरते, 12 मि.मी.ची 25. जाड प्लायच्या दोन शीट लागल्या, की सामान भरण्याआधीच एक धडधाकट माणूस गाडीत बसला म्हणायचा.

आधी पाणी बघा. बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत शिरते आणि निचऱ्याची भोकं बुजवते. प्रत्येक भोकातून तार फिरवायची, वरून लिटरभर पाणी ओतायचं, आणि ते जमिनीवर पडलेलं दिसलं तरच पॅनेल बंद करायचं. नाहीतर कणकुंबीच्या एका पावसाळ्यात ओल आत कोंडते आणि पत्रा मागून पापुद्रे सोडू लागतो.

सगळ्यात चांगली जागा मिळाली मागच्या चाकांवरच्या उंचवट्यांपाशी. उंचवट्याच्या पुढे-मागे जे तिरके कोनाडे राहतात, ते चौकोनी खोक्यांमुळे नेहमी वाया जातात. पुठ्ठ्याचा साचा कापा, दर 100 मि.मी.वर माप घ्या, दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. जुन्या बॉडीत डावं-उजवं क्वचितच सारखं असतं. इथे जॅक, पाने, दोर ठेवा. खाण्याचं सामान नको, चाकाचा चिखल आणि खडी बाहेरून त्याच पत्र्यावर आपटत असते. आणि उंचवट्यात स्क्रू अजिबात मारू नका. गाडी भरली आणि खड्ड्यात स्प्रिंग दबली, की बाहेर आलेलं टोक थेट टायरला लागतं. कप्प्याची चौकट गाडीतल्या जमिनीला आणि बाजूच्या रिबला (पत्र्यामागच्या सांगाड्याच्या पट्टीला) धरा : 25 बाय 25 बाय 1.6 मि.मी.चा चौकोनी पाईप (मीटरला सव्वा किलोच्या आत), एम-6 रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात दाबून बसणारा आट्यांचा नट), 9 मि.मी.चं भोक, आणि भोकाच्या कडेला झिंक प्रायमर. प्रायमर टाळला तर गंज तिथूनच सुरू होतो.

पलंगाखाली 500 मि.मी.चे, जोडीला 45 किलो पेलणारे चॅनेल (सरकपट्ट्या) लावून मागच्या दाराकडे उघडणारे दोन ड्रॉवर केले आहेत. मॅग्नेट कॅचवर विसंबू नका. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या चढावर भरलेला ड्रॉवर मागे सरकतो आणि आतून दारावर आदळतो. दाबून बसणारी कडीच लागते. पलंगाच्या पट्ट्यांत 40 मि.मी.ची फट सोडली आहे, कारण गादीखाली हवा खेळली नाही तर श्रावणापर्यंत बुरशी येते.

चॅसीखालची, म्हणजे गाडीच्या मुख्य सांगाड्याखालची पेटी मात्र विचार करून. 600 बाय 350 बाय 250 मि.मी., म्हणजे बावन्न लिटर, 1.6 मि.मी.च्या जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) नुसता पत्राच 11 किलो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून-वाकवून मिळतो, पण जीआयवर वेल्डिंग करू नये. जस्त जळतं, त्याचा धूर बाधतो आणि कोटिंगही जातं. रिव्हेट मारा. चॅसीच्या वरच्या-खालच्या पाळीला (आडव्या कडेला) भोक पाडायचं नाही, वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. यू-बोल्टने आवळा. सायलेन्सरची बाजू टाळा, पेटीचा तळ पायदानाच्या खाली जाऊ देऊ नका, तळाला 8 मि.मी.ची चार निचरा-भोकं ठेवा.

भिंतीतल्या रिबांमधे जाळीचे खिसे, बास. तिथे लांब स्क्रू गेला तर वायरिंगमधे घुसतो आणि फ्यूज का उडतो हे शोधण्यात दिवस जातो. छताजवळच्या कप्प्यांना 9 मि.मी. प्लाय वापरा आणि आत फक्त कपडे, चादरी. बासमतीची दहा किलोची पोती वर टाकली, की वळणावर गाडी झुलते; ती खाली, दोन्ही ॲक्सलच्या मधे.

गॅसची छोटी टाकी या कुठल्याच कप्प्यात बसवलेली नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. तिच्यासाठी वेगळा खण हवा, आतून सीलबंद आणि तळातून थेट गाडीबाहेर भोक असलेला. तो पुढच्या टप्प्यात.

कागदाचं बघायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 : नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. काम उरकल्यावर नव्हे, आधीच आरटीओत विचारा.

आता उरलंय वजन. संकेश्वर-चिकोडी भागात उसाच्या गाड्या तोलायचे वजनकाटे भरपूर आहेत. हंगामाची गर्दी नसताना गाडी पाणी, डिझेल आणि माणसांसकट न्यायची. आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तिन्ही आकडे नोंदणी-पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहिल्यावरच चॅसीखाली दुसरी पेटी लावायची की नाही, ते ठरेल.