ओल्या जिप्समवर रंग मारू नका

इथे अमेरिकेत घराच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. साधारण 16 इंचांवर उभी लाकडं, त्यांवर स्क्रूने बसवलेला अर्धा इंची जिप्सम बोर्ड, झाली भिंत. मुंबईत भिंती विटांच्या असल्या तरी फॉल्स सीलिंग आणि पार्टिशन हल्ली याच बोर्डाची असतात, म्हणून इथली पद्धत दादर-बोरिवलीतही उपयोगी पडेल.

बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद असतो आणि बुरशीला तोच हवा असतो. भिजल्यावर 24 ते 48 तासांत तो सुकला नाही की ती धरू लागते. आपल्याकडे पावसाळा सरेपर्यंत थांबून डागावर पुट्टी आणि रंग चढवतात. मागची बाजू ओलीच असते, त्यामुळे डाग पुन्हा वर येतो, पोपडे सुटतात.

आधी गळती थांबवा. वरच्या घरातल्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग होईपर्यंत खाली खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात! मग बोर्ड अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागला, फुगला किंवा कागद सुटला, तर तो कापायचाच. पाणी बोर्डात वर चढतं, म्हणून खालून भिजलेली भिंत डागाच्याही फूटभर वर कापतात. त्याआधी त्या भागाची वीज बंद करा, पंखा बंद ठेवा, एन-95 मास्क आणि गॉगल लावा, तुकडे जागीच पिशवीत बांधा. ब्लीचने रंग फिका होतो, कागदात मुरलेली बुरशी जात नाही. बुरशी 10 चौरस फुटांहून जास्त पसरली असेल तर जाणकार माणूस बोलवा.

सगळ्यात जास्त घाई होते ती सुकवण्यात. जुलैत खिडक्या उघडून काही सुकत नाही, उलट बाहेरची दमट हवा आत येते. खिडक्या लावून एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) चालवा, बुरशी काढून झाल्यावर उघड्या सांगाड्यावर पंख्याचा झोत सोडा. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली आणि लाकडातला ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय भिंत बंद करू नका. पत्र्याचं चॅनेल असेल तर गंज तपासा.

नवा तुकडा ओलावारोधक हिरव्या बोर्डाचा घ्या. तोही जलरोधक नसतो, गळतीपुढे टिकत नाही. स्क्रूचं डोकं किंचित आत जावं, पण कागद फाटू नये, फाटला तर पकड जाते. सांध्यावर कागदी टेप, त्यावर जॉइंट कंपाउंडचे (सांधे भरायच्या लुकणाचे) तीन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद आणि आधीचा पूर्ण वाळल्यावरच.

पार्टिशनचा बोर्ड लादीला टेकवू देऊ नका. अर्धा इंच फट ठेवायला सांगा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. नाहीतर रोज लादी पुसतानाचं पाणी खालून शोषलं जातं.