बॅटरी नवी, दुखणे जुनेच

रेवदंड्याच्या खाडीत माझी सतरा फुटी फायबरची बोट असते. तिच्या मागचे चाळीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन पंचवीस वर्षांहून जुने आहे. पावसाळ्यात बोट वर ओढून शाकारून ठेवतो आणि नारळी पौर्णिमा झाली की ती पुन्हा पाण्यात घालण्याची लगबग सुरू होते. गेल्या हंगामात ती पाण्यात गेली खरी; पण कोर्लईच्या किल्ल्यासमोर, ऐन ओहोटीच्या ओढीत, इंजिन गुदमरून बंद पडले आणि किल्ली फिरवली तर स्टार्टरकडून ‘टक्’ एवढाच आवाज आला. शेजारून जाणाऱ्या एका होडीच्या वयस्कर नाखवांनी दोर टाकून जेटीपर्यंत आणले. वाटेत त्यांनी विचारले, “या वर्षी काय काय बदललंत?” बॅटरी, दोन्ही प्लग, कार्ब्युरेटरचे किट, अशी यादी मी सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे बिघाड तेवढा ठेवलात.”

बिघाड एक नव्हता, दोन होते, आणि दोन्ही जोडीने आल्यामुळे मी इतके दिवस चकत होतो.

आधी स्टार्टरचे सांगतो. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल, तर स्वस्थ स्थितीत तिच्यावर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात, आणि माझ्या नव्या बॅटरीवर ते दिसतही होते. मात्र किल्ली फिरवत असताना बॅटरीच्या टोकांवर 11.1 आणि स्टार्टरवर जेमतेम 8.9 व्होल्ट मिळाले. मधले 2.2 व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते. ही गळती शोधायला मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरायचे आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगायचे. जोडणी निरोगी असेल तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली राहतो, माझ्याकडे 1.8 आला. निगेटिव्ह वायरीचा लग, म्हणजे टोकाला बसवलेली धातूची कडी, बाहेरून चकचकीत होता, कारण दर वर्षी मीच तो पॉलिश पेपरने घासत होतो. लगच्या मागे दोन बोटे अंतरावर वायरीचे प्लास्टिक कापले, तेव्हा आत लालसर तांब्याऐवजी काळी, चुरचुरीत भुकटी हाताला लागली. खारे पाणी लगच्या तोंडातून केशाकर्षणाने वायरीच्या तारांमध्ये वर चढते आणि प्लास्टिकच्या आड तांबे खात राहते, हे मी ऐकून होतो, पाहिले मात्र तेव्हाच.

नवी वायर कल्हई केलेल्या तांब्याची घेतली, लग पकडीने दाबून बसवले आणि त्यांवर आतून गोंद असलेली, उष्णतेने आक्रसणारी नळी चढवली. डाख दिलेला सांधा मजबूत वाटतो, पण इंजिनच्या थरथरीने वायर डाखाच्या कडेलाच तुटते, म्हणून मी तो टाळतो. वायरींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळण्याच्या आपल्या सार्वत्रिक पद्धतीबद्दल तर बोलायलाच नको. स्टार्टरची जाड वायर वगळता बाकी प्रत्येक पॉझिटिव्ह वायरीला बॅटरीपासून सात इंचांच्या आत फ्यूज असावा, हा अमेरिकन बोटबांधणीच्या मानकांतला नियम मला पटतो, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधली वायर घासली गेली तर तिला वाचवणारे कोणीच नसते.

स्टार्टर सुधारला, तरी पूर्ण वेगात दहा मिनिटे गेली की इंजिन पुन्हा धापा टाकू लागे. या वेळी काही बदलण्याआधी मी पेट्रोलच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा पाहिला. तो चपटा झाला होता. इंजिनचा पंप ओढतो आहे, पण टाकीकडून पेट्रोल येत नाही, असा त्याचा अर्थ. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, जाळी स्वच्छ होती. राहिली ती टाकी आणि फुगा यांमधली नळी. उभी चिरल्यावर दिसले की तिचे आतले अस्तर सुटून फुगले होते. ओढ वाढली की ते पडद्यासारखे मिटत असे आणि इंजिन थांबले की पुन्हा उघडत असे. म्हणूनच धक्क्यावर फुंकून पाहताना नळी नेहमी मोकळी भासायची.

2023 च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले. त्याआधीच्या काळातले रबर इथेनॉलला तोंड देण्यासाठी बनवलेले असतेच असे नाही. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषते आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ते दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनला पेट्रोल नेणारी नळीही तळातूनच ओढते. माझ्यासारख्या, पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिली ऑइल मिसळणाऱ्यांना याचा दुहेरी फटका बसतो, कारण ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते आणि खालचा थर इंजिनात जवळपास कोरडाच, वंगणाविना पोहोचतो. त्यामुळे आता हंगामाच्या शेवटी टाकी रिकामी करतो, कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सोडून उरलेले पेट्रोल काचेच्या बरणीत घेतो आणि ती बरणी रात्रभर सुरक्षित जागी उघड्यावर ठेवतो. पहिल्या वर्षी तळाशी करंगळीच्या नखाएवढा गढूळ थर दिसला होता. नळीवर पाणी वेगळे करणारा फिल्टरही बसवला आहे.

नळीला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह सोडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या बुडात साचून राहते, आणि नेमकी तिथेच माझ्या बोटीत बॅटरी व पाणी उपसणारा पंप आहे. झाकणे उघडून, थोडा वेळ वारा खेळू देऊन, नाकाने वास घेतल्याशिवाय किल्लीला हात लावत नाही.

इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा मात्र अजून थरथरतो. त्याच्या मागे काळी टेप आहे.